लिलावात झाडं घेऊन घरी लावलीत का कोणी? (मड सेल, नर्सरी इ.)

चिखलवाट:
नमस्कार मंडळी. आम्ही पेन्सिल्वेनियात राहतो, लँकेस्टर काउंटीपासून गाडीने तासाभरावर. गेल्या उन्हाळ्यात घर घेतलं, मागे बऱ्यापैकी जागा आहे पण गवत सोडून काडी नाही, आणि मागच्या शेजाऱ्यांच्या पोरांचं ट्रॅम्पोलिन असं आहे की प्रत्येक उडीला एक डोकं कुंपणावरून आमच्या किचनमध्ये बघून जातं. तर आडोशाला सदाहरित झाडांची रांग, एखादं सावलीचं झाड आणि जमलं तर दोनचार फळझाडं असा बेत आहे. नर्सरीत भाव काढले. सातफुटी आर्बरव्हायटी (आपल्या मोरपंखीच्या भाऊबंदांपैकी) सव्वाशे-दीडशे डॉलरला एक, लावून हवी तर जवळपास तेवढेच परत. आणि हवीत पंधरा. बायको म्हणाली त्यापेक्षा पडदे शिवू.

मग ऑफिसातल्या एकाने मड सेलचं सांगितलं. थंडी सरता सरता लँकेस्टरच्या गावागावात आमिश लोक (जुन्या साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) तिथल्या स्वयंसेवी अग्निशमन दलांना पैसे उभे करायला मोठाले लिलाव भरवतात, त्यात गोधड्या, घोडागाड्या, अवजारं असतात तशी झाडंही असतात आणि म्हणे निम्म्या भावात मिळतात. कोणी घेतलीत का? जगली का? ती बोली कशी समजायची, कारण मी व्हिडिओ बघितले आणि मला ओ की ठो कळलं नाही. शिवाय मुळांना गोणपाट गुंडाळलेलं झाड घरी आणून लावणं घरच्या दोन माणसांना झेपतं का? भारतात कोणी असं लिलावात रोपं घेतली असतील तर तेही लिहा.

नाकतोडा:
वाचतोय. ट्रॅम्पोलिनवर कोण उडी मारतंय यावर झाडांची घाई किती ते ठरवा. (हलके घ्या.)

सुमा_जर्सी:
आम्ही जवळपास दरवर्षी जातो, गॉर्डनव्हिलला मार्चमध्ये असतो तो त्यातला मोठा. आधी एक सांगते, गमबूट घालून जा. बर्फ वितळून शेताचा नुसता राडा झालेला असतो, पांढरे स्नीकर्स घालून आलेली मंडळी अर्ध्या तासात ओळखू येतात.

गेल्या गेल्या टेबलावर ओळखपत्र दाखवून बोलीचा नंबर घ्यायचा. एकाच वेळी चारपाच ठिकाणी वेगवेगळे लिलाव चालू असतात, एकीकडे गोधड्या, एकीकडे घोडे, आणि झाडं बहुतेक उघड्यावर रांगेत मांडलेली. लिलाव करणारा रांगेवरून चालत जातो आणि घोळका त्याच्यामागे. सकाळी लवकर जाऊन झाडं आधी बघून ठेवा, तो सुरू झाला की बघायला वेळ मिळत नाही, एका लॉटला अर्धा मिनिट गेला तर खूप.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तो जो आकडा म्हणतो तो बहुतेक वेळा एका झाडाचा असतो, त्याला 'टाइम्स द मनी' म्हणतात. लॉटमध्ये दहा झाडं असतील आणि तुम्ही तीस डॉलरला हात वर केला तर बिल तीनशे. आमच्या पुढे एक नवीन जोडपं होतं, हायड्रेंजियाचा आख्खा लॉट तीसला मिळाला म्हणून टाळ्या दिल्या एकमेकांना आणि मग त्या मुलीचा चेहरा बघवेना. दुसरा प्रकार 'चॉइस', म्हणजे जो जिंकेल त्याने त्या भावाने रांगेतली हवी ती हवी तेवढी उचलायची, उरलेल्यांवर परत बोली. चॉइसमध्ये पहिल्या फेरीला भाव चढतो, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत थांबलात तर स्वस्त मिळतं पण वेडंवाकडं उरलेलं.

रोख किंवा चेक न्या. झाडाची हमी काही नाही, आहे तसं तुमचं. आणि चिकन-कॉर्न सूप घ्या, हात गरम राहतात. शाकाहारी असाल तर डोनट.

लासलगावकर:
सुमाताई, ते टाइम्स द मनी आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळालंय :) लासलगावला कांद्याच्या लिलावात हेच. ट्रॅक्टर रांगेत लागलेले, व्यापारी एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीवर, मूठभर कांदे हातात घेऊन बघायचे आणि भाव बोलायचा तो क्विंटलचा. आख्ख्या ट्रॉलीचा आकडा कोणी बोलत नाही. तिथे वाढलेल्या माणसाला आमिश बाबा काय बोलतोय ते इंग्लिश न कळताही कळेल.

जुनी माणसं हत्त्याच्या गोष्टी सांगतात, रुमालाखाली दोघांचे हात आणि बोटं दाबून भाव ठरायचा, शेजारी उभ्या शेतकऱ्याला स्वतःच्याच मालाचा भाव कळायचा नाही. त्यापेक्षा उघड बोली शंभर पटीने बरी, कितीही भरभर बोलो.

भारतात रोपांचा लिलाव मी तरी पाहिला नाही. ग्रामपंचायती चिंचेच्या नाहीतर आंब्याच्या झाडांचा लिलाव करतात पण तो हंगामातल्या फळांचा. झाड जागेवरच, फळं उतरवून न्यायची.

नाकतोडा:
म्हणजे चिखलवाट यांना पंधरा झाडं जागेवरच ठेवून फक्त आडोसा घरी न्यायचा लिलाव हवाय.

मुळाक्षर:
मी ओहायोत लँडस्केपिंगच्या धंद्यात आहे, घाऊक लिलावातून बराच माल उचलतो. भाव कमी का असतो ते आधी समजून घ्या. कधी नर्सरीला जागा रिकामी करायची असते, म्हणजे माल चांगलाच असतो. कधी मात्र तो कुंडीत दोन वर्षं जास्त राहिलेला असतो, नाहीतर शरदात खणून ठेवलेला आणि थंडीत उघड्यावर पडलेला. वरून दोन्ही सारखेच हिरवे. म्हणून वर बघूच नका, खाली बघा.

खोड बुडाशी जिथे रुंद होऊन मुळं फुटतात तो पसारा दिसला पाहिजे. खोड विजेच्या खांबासारखं सरळ मातीत घुसलेलं असेल तर वर माती चढलीय, कधीकधी चार-पाच इंच. खोड हलक्या हाताने हलवून बघा. झाड आणि मातीची हुंडी (मुळांभोवतीचा बांधलेला गोळा) एकत्र हलली तर ठीक, खोड हुंडीत सैल डुलत असेल तर हुंडी आतून फुटलीय, तो लॉट सोडा. कुंडीतलं असेल तर परवानगी घेऊन बाहेर ओढून बघा, मुळं गोल गोल फिरली असतील तर पुढे तीच खोडाला आवळतात. बारीक फांदीची साल नखाने खरवडा, आत हिरवं हवं.

आणि तुमच्या भागात खोडावर राखाडी चिखल फासल्यासारखा सुकलेला पट्टा दिसला तर तो चिखल नसतो. लँटर्नफ्लायची अंडी. ती कीड अमेरिकेत पहिल्यांदा सापडली तीच पेन्सिल्वेनियात, बर्क्स काउंटीत, २०१४ ला. एका पट्ट्यात ३० ते ५० अंडी असतात आणि मार्चमध्ये ती अजून फुटलेली नसतात, म्हणजे नेमकी मड सेलच्या वेळी झाडाबरोबर तुमच्या घरी येणार. लँकेस्टर काउंटीवर या किडीसाठी क्वारंटाइन आहे, त्यामुळे गाडीत चढवायच्या आधी खोड, हुंडीची तार, कुंडीची खालची बाजू सगळं बघायचं. सापडली तर कार्डाने खरवडून सॅनिटायझरच्या पिशवीत टाकायची.

अजून एक, कोणी 'फ्लॉवरिंग पेअर' स्वस्तात देत असेल तर हात खाली. म्हणजे ब्रॅडफर्ड पेअर आणि तिची भावंडं, नुसत्या फुलांसाठी लावतात ती नासपतीची जात. ओहायोत २०२३ पासून विक्रीला बंदी, पेन्सिल्वेनियात २०२४ पासून. फुलाला घाण वास, वादळात फांद्या फाटतात आणि रानात पसरतं ते वेगळंच.

पैसावसूल:
मुळाक्षर यांची माहिती भारीच, वाचनखूण साठवली. पण माझा सल्ला सरळ आहे, लिलावात जायचंच तर मोठं झाड घ्या. छोटी रोपं नर्सरीतही परवडतात, खरी बचत मोठ्यात. मी तीन इंची खोडाचा मॅपल उचलला नर्सरीच्या तिसऱ्या हिश्श्यात. लिलावातल्या पोरांनी स्किड लोडरने (माल उचलायची छोटी गाडी) माझ्या पिकअपमध्ये ठेवून दिला.

सुमा_जर्सी:
आणि घरी उतरवला कोणी?

पैसावसूल:
शेजारी, त्याचा मेहुणा, एक फळी आणि बीअरचा खोका. विषय बदलू नका.

मुळाक्षर:
दोन इंची खोडाच्या झाडाची हुंडी साधारण दोन फूट रुंद असते आणि वजन शंभर-सव्वाशे किलोच्या पुढे. तीन इंचीचं विचारूच नका. चिखलवाट, घरच्या दोन माणसांना झेपतं का या प्रश्नाचं उत्तर यात आलं.

पण वजन सोडा. शेतातून झाड खणताना त्याची बहुतेक मुळं शेतातच राहतात. जेवढं झाड मोठं तेवढा तोटा मोठा आणि सावरायला तेवढा वेळ जास्त. आमच्या धंद्यातला ठोकताळा असा, की थंड प्रदेशात खोडाच्या दर इंचामागे सुमारे एक वर्ष झाड नुसतं मुळं परत करण्यात घालवतं. तेवढ्यात शेजारी लावलेलं एक इंची झाड कामाला लागलेलं असतं आणि चारसहा वर्षांत पुष्कळदा बरोबरी करतं. पैसावसूल, तुमचा मॅपल वाढला का नवीन?

पैसावसूल:
विचार करतोय तो. पण सावली पहिल्या दिवसापासून आहे ना! खुर्ची टाकून बसतो मी. त्याचे पैसे कुठल्या खात्यात धरणार?

आबा_दापोली:
तुमचे लिलाव ऐकून मौज वाटली. आमच्याकडे विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून नाहीतर ओळखीच्या माणसाकडून कलमं आणतात, लिलावात कोण घेईल, हापूस म्हणून काय हाती पडेल ते काही वर्षांनी फळ लागल्यावर कळायचं.

आमची पद्धत अशी. मे महिन्यात मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा काढायचा, उन्हात तापू द्यायचा, मग पालापाचोळा, चांगली माती, शेणखत, सुपर फॉस्फेट घालून भरायचा आणि पहिला पाऊस चांगला मुरला की कलम लावायचं. पिशवी ब्लेडने कापून अलगद काढायची, हुंडी फुटता कामा नये. कलमाचा जोड मातीच्या वर. काठी देऊन आठाच्या आकाराची गाठ सैल बांधायची. जोडाच्या खालून फूट आली की खुडून टाकायची, नाहीतर हापूस मरतो आणि रायवळ वाढतो. तुम्ही लोकही खड्डा आधी काढून खत घालून ठेवा, झाड जोमाने येतं.

मुळाक्षर:
आबा, तुमच्याकडे ते बरोबरच, पण इथे उलट सांगतात आणि मला वाटतं दोन्ही आपापल्या जागी खरं आहे. कोकणात कातळ नाहीतर जांभा, मुळांना शिरायला जागाच नाही, खड्डा खणून माती आणून भरली नाही तर झाड लावणार कशात? आणि पाऊस कितीही पडला तरी उतारावरून पाणी निघून जातं. इथे पेन्सिल्वेनिया-ओहायोत पुष्कळ ठिकाणी चिकण माती. त्यात खोल खड्डा करून भुसभुशीत खताची माती भरली की त्याचं भांडं होतं, भोवतीचं पाणी सगळं त्यात येऊन बसतं आणि मुळं कुजतात. शिवाय खालची भुसभुशीत माती बसली की झाड खाली जातं. म्हणून इथे खड्डा हुंडीइतकाच खोल, किंबहुना दोन बोटं कमीच, आणि रुंदीला दुप्पट-तिप्पट. भरायचं त्यातून निघालेल्याच मातीने. खत वगैरे वरून.

आबा_दापोली:
पटलं. आमच्याकडे खाली भातशेतीच्या मळ्यात कोणी हौसेने आंबा लावतो त्याचंही हेच होतं, पाणी धरतं. तिथे उंचवटा करून लावावं लागतं.

उरुळीकर:
आबांचं कोकण, आमचं पुणे-सोलापूर रोड. उरुळी कांचन परिसरात नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, आणि मोठी 'लँडस्केप'ची झाडं बरीचशी आंध्रातून, कडियम भागातून ट्रकने येतात. लाल घट्ट मातीचा गोळा असतो. तो आपल्या काळ्या मातीत तसाच ठेवला की कधीकधी गोळा आत कोरडा आणि बाहेर चिखल, पाणी आत शिरतच नाही. एका सोसायटीने बिल्डरकडून मिळालेली झाडं मेली म्हणून उपटली तर गोळा विटेसारखा निघाला, मुळं आतच. आम्ही आता गोळ्याच्या कडा खुरप्याने ओरबाडून मोकळ्या करतो आणि पहिले काही दिवस पाणी थेट गोळ्यावर, आळ्यात नाही.

मुळाक्षर:
अगदी. इथेही तेच, पहिल्या वर्षी पाणी हुंडीला द्यायचं.

चिखलवाट यांचा गोणपाटाचा प्रश्न राहिला. झाड खोडाला धरून कधीच उचलायचं नाही, हुंडीला धरून. हायवेने आणताना वर ताडपत्री बांधा, सदाहरित झाड तासभर वाऱ्यात नुसतं वाळतं. खड्ड्यावर फावड्याचा दांडा आडवा टाकून उंची बघा, मुळांचा पसारा दांड्याच्या रेषेत किंवा किंचित वर आला पाहिजे. झाड खड्ड्यात सरळ बसलं, थोडी माती आजूबाजूला दाबली, की मगच सोडवायला घ्या. आधी खोडाभोवतीची दोरी. मग तारेच्या जाळीचा वरचा निम्मा भाग कटरने कापून काढा आणि गोणपाट वरून जेवढं निघेल तेवढं. तागाचं असेल तर खाली राहिलेलं कुजतं, पण प्लॅस्टिकचं विणलेलं असेल तर पूर्ण काढायचं, ते कुजत नाही. ओळखता येत नसेल तर एक धागा जाळून बघा, वितळला की प्लॅस्टिक.

खूप लोक दोरी सोडत नाहीत. एका घरी चांगला दहा-बारा वर्षांचा ओक अचानक वाळला म्हणून कापायला बोलावलं. बुडाची माती उकरली तर नायलॉनची केशरी दोरी खोडात रुतलेली, वर-खाली दोन्हीकडे साल फुगलेली. लावणारा केव्हाच विसरून दुसऱ्या गावी गेला होता.

वरून दोन-तीन इंच लाकडाचा भुसा, पण खोडाला चिकटवू नका, इथे सगळीकडे खोडाभोवती जे डोंगर रचतात ते बघून त्रास होतो. पाणी आठवड्याला दर इंच खोडामागे ५ ते १० गॅलन, पाऊस नसेल तेव्हा. आणि जमीन गोठेपर्यंत द्यायचं.

हरिणग्रस्त:
एवढी चर्चा झाली आणि हरणांचं नाव कोणी घेतलं नाही? इथले की काय सगळे अपार्टमेंटमधले? जी आर्बरव्हायटी लिलावात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त असते, 'एमराल्ड ग्रीन', ती म्हणजे हरणांची पंगत. एका हिवाळ्यात खालचे चार फूट सफाचट, वर हिरवा शेंडा. ट्रॅम्पोलिनवाली पोरं खालून बघतील आता. 'ग्रीन जायंट' त्यामानाने कमी खातात, पण ती नावाप्रमाणे वाढते, पन्नास-साठ फूट जाते, वरून वायर असेल तर नको. आणि शरदात नर शिंगं घासतो कोवळ्या खोडावर, त्यासाठी जाळी वेगळी. मी तर म्हणतो एकाच जातीची पंधरा लावूच नका, रोग आला की रांगच्या रांग जाते. दोनतीन प्रकार मिसळा, अमेरिकन हॉली घ्या, रेड सिडार घ्या.

तळ्यात_मळ्यात:
फळझाडांत पॉपॉ बघा! सीताफळाच्याच कुळातलं, पण इथलं जंगली, बर्फात टिकणारं. गर पिवळा, चमच्याने खायचा, चव केळं आणि सीताफळाच्या मधली, बियासुद्धा तशाच काळ्या चपट्या. माझ्या सासूबाई सासवडच्या, त्यांनी एक चमचा खाल्ला आणि म्हणाल्या "बरंय, पण हे सीताफळ नव्हे", आणि उरलेलं सगळं संपवलं.

दोन वेगवेगळ्या रोपांची गरज असते, एकट्याला फळ धरत नाही. आणि मूळ सोट असतं, म्हणून खणून काढलेलं मोठं झाड लिलावात दिसलं तर घेऊ नका, कुंडीतलं छोटं घ्या. फुलं मळकट लाल, माश्या येतात त्यांच्यावर, घाबरू नका.

लासलगावकर:
पॉपॉला क्विंटलला काय भाव?

तळ्यात_मळ्यात:
बाजारात पोचतच नाही हो, दोन दिवसांत काळं पडतं. म्हणून तर लावायचं.

सुमा_जर्सी:
एक राहिलं. खणायच्या आधी ८११ ला फोन करा. फुकट आहे, ते येऊन गॅस, वीज, केबल कुठून गेलीय त्याच्या रंगीत खुणा करून जातात. पेन्सिल्वेनियात किमान तीन कामाचे दिवस आधी कळवावं लागतं, म्हणजे शनिवारी झाडं आणून रविवारी खणायचं असेल तर फोन त्या आठवड्याच्या सुरुवातीलाच. झाडं आली आणि खुणा नाहीत असं झालं तर सावलीत ठेवा आणि हुंडीभोवती भुसा रचून ओला ठेवा, आठवडाभर काही होत नाही.

चिखलवाट:
मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. रात्री हिला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. ठरलं असं: हुंडीवाली मोठी झाडं नाहीतच, कुंडीतली तीन-चार फुटी घ्यायची, सहा ग्रीन जायंट (वायर नाही, बघून आलो), बाकी हॉली आणि रेड सिडार जे मिळेल ते, दोन पॉपॉ. झाडाला पंचवीसच्या वर बोली न्यायची नाही, आणि नंबर हिच्या हातात राहील. ८११ ला सोमवारी फोन करतो. जाळीचा खर्च धरला तर पडद्याशी स्पर्धा अजून चालू आहे, पण ते असो.

फक्त गाडी आमची सेडान आहे. त्या बाजूने कोणी पिकअप घेऊन जाणार असेल तर सांगा.

पैसावसूल:
माझा पिकअप आहे, मी जातोच आहे. पेट्रोल अर्धं, सूप तुमचं. पहाटे पाचला निघू.

सुमा_जर्सी:
चिखलवाट, मी पण असेन तिथे. तो नंबर वहिनींच्याच हातात राहू द्या, पैसावसूल शेजारी उभे असताना तर नक्कीच.

पैसावसूल:
एक तीन इंची ओक आहे म्हणे या वेळी. नुसता बघणार आहे.